एकाहत्तरावं बटण

तर तिसरा पक्षी आपटला तेव्हा आम्ही दोघं मागच्या पायरीवर बसून चहा पीत होतो, असं मी काल सांगितलं खरं, पण ते चुकलं. पायरीवर होतो ते दुसऱ्याच्या वेळी. तिसऱ्याला आम्ही उभे होतो. म्हाताऱ्याच्या डोक्यात दिवस एकमेकांच्या अंगावर चढतात, संध्याकाळी खुराड्यात कोंबड्या चढतात तसे. पण आवाज तिन्हींचे मला वेगवेगळे आठवतात. पहिला म्हणजे कुणी ओला फडका भिंतीवर मारावा तसा. दुसरा नुसता टिचकीएवढा, ती चिमणी होती. आणि तिसरा असा, की आत खाटेवर पडलेली आक्का "आई गं" म्हणाली, जणू तिलाच लागलं.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी दोन पावलं मागं जातो. आक्का म्हणजे आरपारची थोरली बहीण. आरपार म्हणजे माझा चाळीस वर्षांचा जोडीदार. मी सुतार, तो काचवाला. चौकट माझी, काच त्याची. आमची दुकानं भिंतीला भिंत लावून होती, आणि मधल्या भिंतीला एक भोक होतं. त्यातून हातोडी इकडून तिकडे जायची आणि शिव्या तिकडून इकडे यायच्या.

आरपार हे काही त्याचं जन्माचं नाव नव्हे. ते त्याला एका वकिलानं दिलं. वकीलसाहेबांच्या कचेरीला यानं नवी काच बसवली होती. दुसऱ्या दिवशी साहेब रस्त्यावरच्या अशिलाला हाक मारायला खिडकीतून डोकं बाहेर काढायला गेले आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ घेऊन खुर्चीत येऊन बसले. "काच लावलीय की नुसतं आरपार सोडलंय?" म्हणून ओरडले, आणि नाव चिकटलं. दुसऱ्या कुणाला राग आला असता. हा महिनाभर आनंदानं सांगत सुटला, "डोकं आपटलं म्हणजे त्यांना ती दिसलीच नाही, सुतार! दिसलीच नाही!"

काचवाल्यांचं बोलणंच तसं असतं. काच दिसली की काचवाला हरला. रंगाऱ्याचा रंग दिसतो, माझी चौकट दिसते, गवंड्याची भिंत तर दिसतेच दिसते, आणि वाकडी असली तर जास्त दिसते. काचवाल्याचं काम मात्र दिसेनासं होण्यासाठी करायचं. आमच्या गावच्या शाळेत मास्तर एक आणि वर्ग चार होते. तिथं मास्तर म्हणायचे की ज्याचं काम दिसत नाही तो देव. मी एकदा हे आरपारला सांगितलं तर तो म्हणाला, "देव नाही रे, मी फक्त पुसतो नीट."

आणि पुसण्याचीही एक रीत होती. नवी काच बसवली की तिच्यावर चुन्याची मोठी फुली मारायची, म्हणजे गवंडी बांबू घेऊन सरळ तिच्यातून चालत जात नाही. काम संपून घर ताब्यात द्यायच्या दिवशी ती फुली काचवाल्यानं स्वतःच्या हातानं पुसायची. मालकाला हातही लावू द्यायचा नाही. आरपार तोंडाची वाफ सोडून, मऊ सुती फडक्यानं तासतासभर पुसायचा. मग खोलीच्या मधोमध उभा राहून एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "गेली." काच बसली असं तो कधी म्हणाला नाही. गेली म्हणायचा. मला त्या शब्दाची फार गंमत वाटायची. पुढं त्याच शब्दानं अंगावर काटा यायला लागला, ती ही गोष्ट.

आक्कानं त्याला वाढवलं. आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा होता आणि ती बाराची. ती मोठी झाल्यावर इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागली आणि तिथंच एकतीस वर्षं काढली. धुलाईखाना तळघरात. वाफ, साबण, ओल्या चादरींचे डोंगर आणि छताला एक पिवळा दिवा. खिडकी नावाला नाही. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे तिला खाली येणाऱ्यांच्या चपलांवरून कळायचं. काच कापायचा पहिला हिरा तिनंच भावाला आणून दिला होता, आणि देताना म्हणाली होती, "तू तरी उजेडात काम कर."

त्या वर्षी ती न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, आता उठून चालणं होईलसं वाटत नाही. रडारड वहिनींनी केली, म्हणजे आरपारच्या बायकोनं. आक्कानं एवढंच विचारलं, "पडूनच राहायचं ना? मग भिंतीकडे तोंड करून पडणार नाही. मला खिडकी द्या."

म्हणून आम्ही तिच्या घराची मागची भिंत काढली. मागं तळं होतं, तळ्याच्या कडेनं लव्हाळी आणि दोनचार उंच झाडं. सहा फूट उंच, नऊ फूट रुंद, तीन तावदानं. असली काच आमच्या गल्लीत कुणी बघितली नव्हती. चार जणांनी ती आणली आणि आरपार पुढं पुढं उलटा चालत होता, नवरीच्या पुढं चालावं तसा, "हळू रे, हळू रे" करत. मी चौकट इतकी बारीक केली की लाकूड लाजलं असतं. आठ दिवस चुन्याच्या फुल्या आणि बाहेरच्या अंगावरची गवंड्यांची धूळ तशीच राहिली, कारण भिंतीचा रंग वाळत नव्हता. त्या आठ दिवसांत काही झालं नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं होतं, पण आम्ही ठेवलं नाही.

नवव्या दिवशी आक्काला खाटेसकट आत आणली. आरपारनं बाहेरची धूळ आणि तिन्ही फुल्या पुसल्या, डोळा मिटला, "गेली" म्हणाला. आक्का रडायला लागली. एकतीस वर्षांचं थकलेलं आभाळ एकदम हातात पडल्यावर माणूस दुसरं काय करणार? आणि तेवढ्यात तो ओल्या फडक्याचा आवाज आला.

होला होता. खाली पडला होता, मान एका बाजूला. काचेवर त्याचा ठसा उमटला होता. पसरलेले दोन पंख, छाती, चोचीचा ठिपका, पिठानं काढल्यासारखं सगळं. आम्ही दोघं बघत राहिलो. मग आरपारनं फडका काढला आणि तो ठसा पुसून टाकला. त्याला काचेवरचा डाग बघवतच नसे.

त्यानंतर रोज एखादा. कधी दोन. चिमण्या, पाकोळ्या, एकदा निळाशार खंड्या. आरपार उजाडताना यायचा आणि आक्का उठायच्या आत खालचं सगळं उचलून न्यायचा. काही मेलेले नसायचे, नुसते गुंगलेले असायचे. त्यांना तो बुटांच्या खोक्यात ठेवायचा, झाकणाला भोकं पाडून. अंधारात तासभर गप्प बसले की त्यातले काही शुद्धीवर यायचे. मग लांब झाडाखाली नेऊन सोडायचा. आणि परत येऊन काच पुसायचा.

पंधराएक दिवसांनी मी चौकटीच्या बाजूच्या झडपेला तेल द्यायला गेलो. आक्काच्या खाटेशेजारी स्टुलावर एक पत्र्याचा डबा होता आणि शेजारी एक वाटी. डब्यात बटणं. धुलाईखान्यात कपड्यांवरून गळून पडलेली, एकतीस वर्षांची, मालक नसलेली बटणं.

"सुतार, वाटीतली बटणं मोज जरा."

"शिवायची आहेत का आक्का?"

"मोज म्हटलं ना."

मोजली. "तेवीस."

"माझीही तेवीसच येतात. म्हणजे चुकत नाहीये." तिनं वाटी जवळ ओढली. "आज पहाटे दोन होती. तुझा दोस्त येऊन गुपचूप घेऊन गेला. त्याला वाटतं मशीनच्या आवाजात माझे कान गेलेत. कान नाही गेले, झोप गेलीय."

मी तेलाची बाटली खाली ठेवली. "पण मोजतेस कशाला?"

"धुलाईखान्यात दुसरं काय केलं? मोजलं. गठ्ठा भरला की बांधायचा, चिठ्ठी लावायची आणि वर पाठवायचा. कमी नाही, जास्त नाही." ती काचेकडं बघत होती. "मला एकाहत्तर चालू आहे. पाखरंही एकाहत्तर झाली की माझा गठ्ठा भरला."

हसून म्हणाली असती तर मी पण हसलो असतो. ती बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी म्हणाली.

मी सरळ दुकानात आलो आणि भिंतीच्या भोकाला तोंड लावून आरपारला सगळं सांगितलं.  नेहमीची शिवी परत आली नाही. मी जाऊन बघितलं तर तो काचेच्या टेबलावर दोन्ही हात टेकून उभा होता. म्हणाला, "माझ्याच काचेनं?"

"काचेनं नाही रे, मनानं घेतलंय तिच्या."

"मन तिचं. काच माझी."

मग त्यानं ससाणा कापला. काळा कागद, पसरलेले पंख, वाकडी चोच, अगदी खरा वाटावा असा. कुणीतरी सांगितलं होतं की पाखरं ससाण्याला भितात. मधल्या तावदानावर चिकटवला. वहिनी कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"छान आहे. घारीचा नवरा दिसतो."

"तू गप्प बस."

"बसते. पण अहो, पाखरू त्याला भिऊन बाजूला वळेल, आणि बाजूला काय ठेवलंय तुम्ही? रस्ता?"

दुसऱ्या दिवशी ससाण्याच्या पंखापासून हातभर अंतरावर एक खंड्या आपटला. अठ्ठाविसावा. त्यानंतर चिमण्यांची तर भीडच चेपली. ससाणा हलत नाही, ओरडत नाही, कुणाला खात नाही, हे त्यांना दोन दिवसांत कळलं. आमच्या गल्लीतल्या एका मामलेदाराची पण तीच गत झाली होती, पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

पडद्याचं मीच सुचवलं. आक्कानं माझ्याकडं नुसतं बघितलं. "पडदा लावायचाय? मग मला उचला आणि परत तळघरात नेऊन ठेवा. तिथं पाखरं नाहीत."

थंडी पडायला लागली होती. तळ्यावर बाहेरगावची पाखरं उतरायची वेळ झाली होती. दर वर्षी आम्ही ती बघायला जायचो, पोराबाळांना घेऊन. त्या वर्षी आभाळात पहिली रांग दिसली तेव्हा आरपारनं मान खाली घातली.

आणि वाटी भरत चालली होती. चाळीस झाल्यावर आक्कानं रात्रीचं जेवण सोडलं. पन्नास झाल्यावर दुपारचं. वहिनी ताट घेऊन जायच्या आणि तसंच परत आणायच्या. "जाताना ओझं कमी असलेलं बरं," असं आक्का त्यांना म्हणाली. डॉक्टर आले, नाडी बघितली, छाती बघितली. बाहेर येऊन आम्हाला हळूच म्हणाले, "आजार काही वाढलेला नाही. पण त्यांनी निघायची तयारी केलीय. याला माझ्याकडं औषध नाही."

एका सकाळी दाट धुकं पडलं. त्या एका सकाळी अकरा. मी घरी बसून ऐकलेलं सांगत नाही, तिथंच होतो. एकेक आवाज झाला की थोडं थांबायचं, आणि मग आतून पितळी वाटीत बटण पडल्याचा बारीक 'टण'. बाहेर धप्प, आत टण. आयुष्यात मी किती खिळे मारले असतील, पण असा ठोका माझ्या काळजात कधी बसला नाही. शेवटी आरपार दोन्ही कानांवर हात ठेवून पायरीवर बसला.

मग उठला, आणि काच पुसायला लागला.

"पुसा," वहिनी म्हणाल्या. डोळे लाल होते पण जीभ कोरडी नव्हती. "अजून पुसा. ज्या दिवशी तुम्ही आजारी होता आणि पुसली नाहीत, त्या दिवशी एकसुद्धा पाखरू आलं नव्हतं. धुळीनं भरली होती काच."

"काहीतरीच बोलू नकोस."

"भाऊजींना विचारा."

 त्या आठ दिवसांच्या फुल्या माझ्या डोळ्यासमोर उभ्या राहिल्या. मी उठलो आणि लव्हाळ्यांकडं चालत गेलो. आणि मला लाज वाटते सांगायला, चाळीस वर्षांत मी पहिल्यांदा एखादी काच बाहेरून बघितली. आम्ही कारागीर काच आतून बघतो. मालक आतून बघतो. पैसे, शाबासकी सगळं आतूनच मिळतं. बाहेर जाऊन कोण बघतो? मी खाली बसलो, पाखराच्या उंचीवर. धुकं विरत होतं.

"आरपार!" मी ओरडलो. "इकडं ये. बस खाली."

"गुडघे दुखतात माझे."

"बस म्हणतो ना लेका!"

बसला. "काय बघू?"

"तुझी काच कुठाय?"

त्यानं बघितलं. समोर तळं होतं, तळ्यावर आभाळ, आभाळात दोन झाडं. मागं वळून बघितलं तर मागंही तळं, आभाळ, तीच दोन झाडं. आक्काच्या घराला मागची भिंतच नव्हती. तिथून सरळ दुसऱ्या आभाळात जाता येत होतं. आधी त्याचा चेहरा उजळला. खरं सांगतो, कारागिराचा जीव, क्षणभर तो खूश झाला. मग तो चेहरा हळूहळू विझत गेला.

"सुतार," तो म्हणाला, "मी त्यांना रस्ता काढून दिलाय."

तेव्हा पहिल्यांदा त्यानं हातात चुना घेतला तो काच कायमची दिसावी म्हणून. पण सवय जाते का? काचवाला खूण करतो ती नेहमी आतून, म्हणजे पावसानं धुऊन जात नाही. त्यानं तिन्ही तावदानांवर आतल्या बाजूनं पांढरे ठिपके घातले, आक्काच्या डोक्याशी उभा राहून. दोन दिवस गेले. चार पाखरं मेली. आम्ही परत लव्हाळ्यांत जाऊन बसलो. ठिपके होते, पण आभाळाच्या मागं, बुडालेल्या नाण्यांसारखे. आभाळ काचेच्या बाहेरच्या अंगावर पडत होतं, आणि आमचा चुना आतल्या.

वाटीत अडुसष्ट बटणं होती. आक्का आता फक्त दूध घेत होती, अर्धा कप, तोही वहिनींच्या शिव्यांबरोबर.

मी घरी जाऊन एक पट्टी केली. सागाची नाही, हलकी. तिच्यावर तीन बोटांच्या अंतरानं खाचा पाडल्या. तीन बोटं का, तर लव्हाळ्यांत चिमणी कशी शिरते ते मी अर्धा दिवस बघितलं. मूठभर फट दिसली तरी ती पंख मिटून घुसते. तीन बोटांच्या फटीला मात्र मान वळवते. आरपारनं पांढरा तेलरंग घेतला आणि एका काठीचं टोक नखाएवढं गोल तासून घेतलं. आणि बाहेर शिडी लावली. बाहेर!

पहिला ठिपका घालायच्या आधी तो बराच वेळ काठी धरून उभा राहिला. मी खालून म्हणालो, "घाल रे." तो म्हणाला, "असली काच मी परत नाही बसवणार." मग टेकवली काठी.

पट्टी मी धरायची, ठिपके त्यानं घालायचे. एक ओळ झाली की पट्टी तीन बोटं खाली. दिवस मावळेपर्यंत दीड तावदान झालं. आतून आक्का बघत होती.

"हे काय चाललंय?"

"रंग देतोय आक्का," आरपार बाहेरून ओरडला.

"माझ्या आभाळाला देवी आल्यात असं दिसतंय."

"आल्यात तर आल्यात. देवी आलेली माणसं जगतात."

दुसऱ्या दिवशी उजाडताना राहिलेल्या दीड तावदानावर दोन पाखरं आपटली. नेमकी त्याच अर्ध्यावर. आम्ही शिडी घेऊन पोचेपर्यंत आतून दोन वेळा 'टण' झालं होतं.  आरपारनं त्या दिवशी चहा घेतला नाही, जेवला नाही, शिडीवरून उतरला नाही. शेवटची ओळ घातली तेव्हा रंग संपला होता आणि तो काठी तशीच कोरडी टेकवत होता. मला त्याचा हात धरावा लागला.

दोन हजारांच्या आसपास ठिपके झाले असतील. मोजले आम्ही नाहीत. त्या घरात मोजणारं एक माणूस पुरे होतं.

तिसऱ्या दिवशी परत धुकं पडलं. अगदी तसंच, दाट, दुधासारखं. आम्ही तिघं आक्काच्या खोलीत बसलो होतो. वहिनींनी दुधाचा कप स्टुलावर ठेवला होता. आक्का उशांना टेकून बसली होती. डोळे आत गेलेले, हात काटकीसारखे. मुठीत एक बटण होतं. मला दिसलं, मोठं, काळं, कुठल्यातरी डॉक्टरच्या कोटाचं असावं. वाटीत सत्तर होती.

तळ्यावरून आवाज यायला लागला. आधी नुसती कुजबुज, मग पंखांची सळसळ. धुक्यातून ती आली, एकदम, शंभर का दोनशे कोण जाणे. काचेच्या दिशेनं. वहिनींनी माझं मनगट धरलं आणि नखं रुतवली. धुक्यात काळे ठिपके मोठे होत गेले. आरपार काचेपासून हातभर अंतरावर उभा होता, छाती पुढं काढून, जणू काचेला लागायच्या आधी ते त्याला लागावं.

आणि मग अगदी जवळ येऊन ती फुटली. म्हणजे थवा फुटला. अर्धी डावीकडं, अर्धी उजवीकडं, छपरावरून, बाजूनं, पाणी दगडावरून फुटतं तशी. एक हळद्या मात्र सरळ आला. पिवळाधमक. काचेच्या इतका जवळ आला की त्याचा डोळा दिसला मला. आक्काचा हात वाटीवर गेला. पंख काचेला घासले, फर्र, आणि तो उलटा वळून चौकटीच्या खालच्या पट्टीवर बसला. माझ्या चौकटीवर. धापा टाकत. त्यानं मान वाकडी करून एका ठिपक्याकडं बघितलं, मग दुसऱ्याकडं. आणि उडून गेला.

 धुकं निवळायला लागलं. त्या सकाळी काचेवर काही आपटलं नाही. बराच वेळ झाला तरी नाही.

आक्काचा हात अजून वाटीवरच होता. बटण मुठीत. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे मला अजून आठवतं. एखाद्यानं गाडीची वाट बघत फलाटावर सामान घेऊन उभं राहावं आणि गाडी न थांबताच जावी, तसा चेहरा होता. तिनं भावाकडं बघितलं. लहानपणी त्याला ओरडायची त्याच आवाजात म्हणाली, "सत्तर झालेत. एकच राहिलाय. मग तो आता येणार कसा, आणि मी किती दिवस त्याची वाट बघत बसू?"

आरपारनं आधी कप उचलला, बोट बुडवून बघितलं. मग तो म्हणाला, "यायचं असेल तर दारानं येऊ दे आक्का, कडी वाजवून, आणि मला वाटलं तर मी उघडीन. तू ते बटण दे इकडं, माझ्या शर्टाचं कधीचं तुटलंय. आणि दूध पी आधी, साय धरायला लागलीय."